तानसेन समारोह, ग्वाल्हेर: टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येतोय, गाडी कुठे लावायची आणि तंबू कुठे टाकायचा?

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरात तानसेन समारोहाला, म्हणजे तानसेनाच्या समाधीपाशी होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, यायचं पक्कं केलंय. आम्ही सात जण, त्यात माझी आई (वय ७४) आणि दोन शाळकरी पोरं. मित्राची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागच्या सीटा काढून गाद्या टाकल्यात, चार जण नीट झोपतात, बाकीच्यांसाठी तंबू आहे जो आम्ही चोरल डॅमला वगैरे नेहमी वापरतो. हॉटेल नको असं नाही, पण गाण्याच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात आणि सकाळी परत दुसरी सभा, तर जवळच कुठेतरी गाडी लावून तिथेच मुक्काम केला तर आईची धावपळ वाचेल असा विचार आहे. हजीरा भागात मकबऱ्याच्या आसपास मोकळं मैदान आहे का? रात्रभर गाडी ठेवू देतात का? आणि इंदूरहून येताना शहरातून यायचं की बाहेरून? ग्वाल्हेरकरांनी कृपया सविस्तर सांगा, आईची फार वर्षांची इच्छा आहे.

हजीऱ्यावाला (ग्वाल्हेर)
स्वागत आहे भाऊ, आईंना घेऊन नक्की या. मी मकबऱ्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर राहतो म्हणून स्पष्टच सांगतो, तिथे तंबू हा विषयच नाही. तो एकच बाग आहे ज्यात सूफी संत मोहम्मद गौस साहेबांचा मोठा मकबरा, तो दगडी जाळ्यांचा, आणि त्याच्या शेजारी तानसेनाची छोटी समाधी. सगळं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. समारोहासाठी मांडव पडतो, स्टेज होतं, पण सभा संपली की परिसर रिकामा करतात, आत मुक्काम नाही, चूल नाही, काही नाही.

बाहेर म्हणाल तर हजीरा म्हणजे दाट वस्ती. जेसी मिल चालू होती तेव्हापासूनची कामगारांची घरं, गल्ल्या अरुंद, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला कुणाचा ओटा. त्या दिवसांत पोलीस बॅरिकेड लावतात, मुख्य रस्त्यावर मोठी गाडी आत सोडत नाहीत. पार्किंगची जागा प्रशासन दर वर्षी ठरवतं आणि आदल्या दिवशी वगैरे इथल्या पेपरात नकाशासकट येतं, ते बघूनच गाडी काढायची, मागच्या वर्षी इथे होतं म्हणून यंदाही असेल असं धरू नका. आणि ते पार्किंग सभेपुरतं असतं, रात्रभर झोपायसाठी नाही.

तोडी_सकाळची (पुणे)
मी पुण्याहून येतो आणि मला नाही एवढा त्रास झाला कधी. रस्त्याच्या कडेला, बॅरिकेडच्या जरा अलीकडे गाडी लावायची, सीट मागे करायची, झोपायचं. कुणी उठवत नाही. सकाळी चहावाला समोरच. एवढं काय नियोजन करायचंय, संगीताच्या ठिकाणी लोक समजून घेतात.

हजीऱ्यावाला (ग्वाल्हेर)
दादा, तुम्ही एकटे आणि छोट्या कारमध्ये, ती गोष्ट वेगळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक बाहेरगावचं मोठं वाहन रात्रभर उभं होतं, आतले लोक गाढ झोपलेले, काचांवर आतून वाफ धरलेली त्यामुळे दिसेना की कुणी आहे की नाही. पहाटे भाजीवालीचा ठेला निघेना. ती बाई ठेल्याचं पुढचं चाक नालीच्या कडेवर चढवून काढायला गेली आणि पालक-मेथीची अख्खी पाटी खाली. तिनं एक शब्द तोंडातून काढला नाही, खाली बसून एकेक जुडी उचलून झटकत होती. मग शेजारच्या आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं, त्यांची व्हॅन आत येईना, तर त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या टोकापर्यंत उचलून आणलं आम्ही. समारोहाचा आम्हाला अभिमान आहे, १९२४ पासूनची परंपरा आहे, मी पोरवयात मागच्या सतरंजीवर झोपत झोपत ऐकलेलं आहे सगळं. पण मोहल्ल्यातले लोकही माणसंच आहेत, ते पाच दिवस त्यांनाही जगायचं असतं. म्हणून म्हणतो, मोठी गाडी हजीऱ्यात आणूच नका. लांब लावा आणि ई-रिक्शानं या.

तोडी_सकाळची (पुणे)
पटलं. मोठ्या गाडीला माझा सल्ला लागू नाही, तो सोडून द्या.

लष्करची_सून (ग्वाल्हेर)
राजवाडा भाऊ, माझं ऐका, तुमचा प्रश्न सुटतो. मैरिज गार्डन.

आमच्याकडे लग्नं मंगल कार्यालयात कमी आणि मैरिज गार्डनमध्ये जास्त. चारी बाजूंनी भिंत, मोठं लॉन, गेटवर चौकीदार, एका बाजूला खोल्यांची ओळ, बाथरूम, मोटारीचं पाणी, आणि समोर पन्नास गाड्या मावतील असं अंगण. लग्नसराईत ही मंडळी तुमच्याशी बोलणारसुद्धा नाहीत. पण १५-१६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत गेला की खरमास लागतो, मकर संक्रांतीपर्यंत इकडे लग्न नाही, मुंज नाही, गृहप्रवेश नाही. अख्खं गार्डन रिकामं पडलेलं असतं आणि चौकीदार शेकोटी करून बसलेला असतो. आणि समारोह नेमका त्याच सुमाराला! २०२३ला २४ ते २८ डिसेंबर होता, २०२४ला १५ ते १९. म्हणजे तारखा थोड्या पुढे-मागे झाल्या तरी बहुतेक दिवस खरमासातच येतात. तारीख जाहीर झाली की आधी पंचांग बघा, पहिला दिवस लग्नतिथीला लागून असेल तर त्या एका रात्रीची वेगळी सोय करा.

आमच्या माहेरची पंधरा-वीस मंडळी नागपूरहून आली होती तेव्हा आम्ही हेच केलं, दोन खोल्या घेतल्या बायका आणि म्हाताऱ्यांसाठी, पुरुष मंडळी गाडीत आणि लॉनवर तंबूत. मालकाला फक्त एवढंच सांगायचं की कार्यक्रम नाही, डेकोरेशन नको, लाइट-जनरेटर नको, खोल्या आणि गाडीची जागा एवढंच द्या. भाव बोलूनच ठरतो. रात्रीचा ठरवा, दिवसाचा नको, कारण दिवसभर तुम्ही सभेत नाहीतर किल्ल्यावर. आणि गीझर चालतो का ते आधी स्वतः चालवून बघा, "चलता है जी" वर विश्वास ठेवू नका, आई आहेत बरोबर.

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
ताई, हे तर डोक्यातच आलं नव्हतं! खरमास आमच्याकडेही पाळतात, इंदुरातली गार्डनंही तेव्हा रिकामीच असतात की. कोणत्या भागात बघू? आणि सात जणांच्या पांघरुणाचं काय, सगळं इंदूरहून आणलं तर गाडीत माणसं कुठे बसवू?

लष्करची_सून (ग्वाल्हेर)
पांघरूण आणू नका, टेंट हाउस! इथे प्रत्येक मोहल्ल्यात टेंट हाउस आहे, रजई-गादी-उशी भाड्यानं देतात, लग्नाच्या वऱ्हाडासाठीच असतं ते सगळं आणि खरमासात तेही रिकामे बसलेले. रजईची खोळ धुतलेली आहे का बघून घ्या, आणि माणशी एक नाही, आईंना दोन घ्या. गार्डनवाल्याचा एक टेंटवाला ठरलेला असतोच, तोच गादीसकट आणून टाकतो.

भाग म्हणाल तर लश्कर भागात महाराज बाड्याच्या चौकाच्या बाजूला घेऊ नका. आपली मराठी वस्ती तिकडे म्हणून सगळे तिकडेच शोधतात, पण तिथून हजीरा म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. गोला का मंदिर, बिर्लानगर, मुरारचा रस्ता, भिंड रोड, या बाजूला बघा. तिथून ई-रिक्शानं हजीऱ्याला सरळ येता.

मुरारची_मावशी (ग्वाल्हेर)
मी दवाखान्यात नर्स होते, म्हणून हे लिहायलाच हवं, कृपया कुणी हलकं घेऊ नका. डिसेंबरच्या शेवटी ग्वाल्हेरला रात्री पारा ४-५ अंशांपर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली. चोरलची थंडी आणि ही थंडी वेगळी, इथे धुकं असतं, दमट गारठा हाडात शिरतो. मग लोक काय करतात, गाडीत नाहीतर तंबूत कोळशाची सिगडी घेतात आणि काचा बंद. हे अजिबात करायचं नाही. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आधी जरा डोकं दुखतं, गुंगी येते, माणसाला वाटतं झोप येतेय आणि तो झोपतो. सकाळी उठत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात बंद खोलीतल्या सिगडीनं घरंच्या घरं गेल्याच्या बातम्या येतात आणि मी त्यातली माणसं स्ट्रेचरवर आलेली बघितली आहेत. ब्लोअर लावायला इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच वाईट, सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो, गाडी भिंतीला लागून उभी असेल तर जास्तच.

थंडी वाजली तर गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या, पायमोजे, कानटोपी, आणि दोन काचा समोरासमोर दोन बोटं उघड्या ठेवा. ऊब रजईतून मिळते, हवा बाहेरूनच यायला हवी. आईंना आणि लहान पोरांना खोलीतच झोपवा, तंबू मोठ्यांसाठी ठेवा. आईंना बीपीची गोळी असेल तर थंडीत बीपी वर जातं, डॉक्टरांना आधी विचारून या.

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
मावशी, मनापासून धन्यवाद. खरं सांगायचं तर छोटी सिगडी सामानाच्या यादीत लिहिलेली होती, आत्ताच काढली.

बिर्लानगर_फाटक (ग्वाल्हेर)
रस्त्याबद्दल मी सांगतो, ट्रान्सपोर्टमध्ये आयुष्य गेलंय. इंदूर ते ग्वाल्हेर ५०० किलोमीटरच्या आसपास, देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, सगळा आग्रा-बॉम्बे रोड. रस्ता चांगला आहे पण डिसेंबरात रात्री निघून सकाळी पोचायचं हे गणित सोडा, कारण पहाटेचं धुकं शिवपुरीच्या पुढे कधी कधी असं असतं की स्वतःच्या बॉनेटच्या पुढे दिसत नाही आणि मध्येच गाईंचा कळप रस्त्यावर बसलेला, डांबर गरम असतं म्हणून बसतात. इंदूरहून पहाटे निघा, उजेडात पोचा. धुकं लागलंच तर पार्किंग लाइट चालू ठेवून चालत्या रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, मागचा ट्रकवाला तुमचा लाइट बघून तुमच्याच मागे येतो आणि ठोकतो. सरळ ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात आत घ्या.

शहरात शिरताना मॅप तुम्हाला लश्करमधून, बाडा किंवा फूलबागवरून घालेल. ऐकू नका. बायपास धरा, निरावलीला मुरैना रोडला लागा आणि पुरानी छावनीकडून खाली या. लांब पडतं पण टेम्पो ट्रॅव्हलरला अडकायला काही नाही. शहरात स्वर्णरेखा नदीवर एलिव्हेटेड रोडचं काम आणि स्टेशनचं नवीन काम, दोन्हींमुळे तिकडचे रस्ते कधी एकेरी होतील सांगता येत नाही. गाडी एकदा गार्डनमध्ये लावली की चावी काढून खिशात ठेवा आणि समारोह संपेपर्यंत हलवू नका, बेहटचा दिवस सोडून.

सवाईचा_श्रोता (पुणे)
बेहटला जायचं का? थोडं सांगा, मीही येतोय यंदा.

हजीऱ्यावाला (ग्वाल्हेर)
जायचंच. बेहट तानसेनाचं जन्मगाव, ग्वाल्हेरहून चाळीसेक किलोमीटर, झिलमिल नदीच्या काठी महादेवाचं एका बाजूला कललेलं देऊळ आहे, म्हणतात तानसेनाच्या तानेनं कललं. शेवटच्या टप्प्यातली एक सकाळची सभा तिथे होते, आणि समारोपाची गूजरी महालात, किल्ल्याच्या पायथ्याशी. कोणती सभा कोणत्या दिवशी ते पत्रिकेत बघा. बेहटला मात्र तुमची गाडी उपयोगाला येते, शहरातून लवकर निघा आणि गावाच्या अलीकडे शेतात लावायला सांगतील तिथे लावा, चाक मऊ मातीत नाही ना एवढं बघा, दव पडलेलं असतं आणि मोठी गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आणि गूजरी महालाच्या दिवशी किल्ल्यावर गाडी न्यायचा मोह करू नका. गाड्यांचा रस्ता पश्चिमेच्या उरवाई गेटकडून आहे आणि गूजरी महाल दुसऱ्या अंगाला ग्वाल्हेर गेटशी, लोक चुकीच्या बाजूला जाऊन बसतात. मकबऱ्याहून तो जवळच आहे.

पंचम_खर्ज (वडोदरा)
एक राहिलं. मुख्य समारोहाच्या आदल्या संध्याकाळी 'गमक' असतो, पूर्वरंग, इंटक मैदानावर, तेही हजीऱ्यातच. सूफी वगैरे गायक येतात आणि तरुण पोरांची गर्दी अफाट. शास्त्रीय सभेला जेवढी गर्दी त्याच्या कितीतरी पट. त्या संध्याकाळी तिकडे चारचाकी नेऊच नये. आम्ही बडोद्यात नवरात्रात नवलखी मैदानाच्या आसपास जे बघतो तेच तिथे बघायला मिळालं, पोचायला जेवढा वेळ त्याच्यापेक्षा निघायला जास्त. आई बरोबर असतील तर गमक सोडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समाधीवर जा. सुरुवात शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि चादरपोशी (मजारीवर चादर चढवणं) अशी होते. एकाच समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद दोन्ही, आईंना ते फार आवडेल. आणि तेव्हा गर्दी कमी, ई-रिक्शा पार फाटकापर्यंत जाते.

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
आईला हे वाचून दाखवलं, हरिकथा म्हटल्यावर तिनं लगेच नऊवारी काढून ठेवायला सांगितली. ती लहानपणी ग्वाल्हेर गायकी शिकलेली आहे, तिच्या गुरुजींचे गुरुजी माधव संगीत महाविद्यालयात होते, त्यामुळे तिला तेही बघायचंय. (१९१८ साली भातखंडे आणि माधवराव शिंद्यांनी सुरू केलेलं हेच ना?)

आता खाली बसण्याचं विचारतो, आईचे गुडघे दुखतात. आणि परत येताना रात्री बारा-एकला ई-रिक्शा मिळते का?

हजीऱ्यावाला (ग्वाल्हेर)
हो तेच महाविद्यालय. बसायचं म्हणाल तर पुढे खाली बैठक, मागे खुर्च्या असतात. प्रवेश मोफत आहे, पास-तिकीट काही नाही, पण मोठ्या कलाकाराच्या दिवशी खुर्च्या लवकर भरतात, आईंसाठी संध्याकाळी सभेच्या अर्धा-पाऊण तास आधी या. एक घडीची खुर्ची बरोबर ठेवलीत तर अजून चांगलं. शाल डोक्यावरून घ्यायला सांगा, मांडवाला बाजूनं कनाती असतात तरी रात्री दव उतरतंच. स्टेजवर तबलजी मधेमधे हातोडी घेऊन पुडी चढवत बसतात ते उगीच नाही, दमट हवेनं स्वर उतरतो.

मकबऱ्याजवळ इमलीचं झाड आहे, पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात आणि त्यापायी लोकांनी ते झाड पार ओरबाडलेलं आहे. पोरांना आधीच सांगून ठेवा, हात लावायचा नाही.

लष्करची_सून (ग्वाल्हेर)
रात्रीच्या ई-रिक्शाचं मी सांगते. सभा सुटली की दोन-चारशे माणसं एकदम बाहेर येतात आणि रिक्शा मोजक्या, मग जो भाव म्हणेल तो. म्हणून पहिल्याच दिवशी एक रिक्शावाला सगळ्या दिवसांसाठी बांधून घ्या. गार्डनच्या चौकीदाराला विचारा, त्याचा कुणीतरी भाऊ-भाचा चालवतोच. त्याचा नंबर घ्या, शेवटचा कलाकार बसला की फोन करायचा, तो बॅरिकेडच्या बाहेर येऊन थांबतो. सात जणांना दोन लागतील. बॅटरी चार्ज करून ये असं संध्याकाळीच सांगून ठेवा, थंडीत दिवसभर चालवलेली रिक्शा रात्री एकला चढावर दम टाकते.

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
ताई, गोला का मंदिरकडच्या एका गार्डनवाल्याशी बोललो. दोन खोल्या, टेम्पो ट्रॅव्हलर आत, लॉनवर एक तंबू, सगळ्या रात्रींचं मिळून ठरलं. रजया त्याचाच टेंटवाला आणून देतोय, आईला दोन सांगितल्यात. गीझरचं विचारलं तर "चलता है जी" म्हणाला!! म्हणून धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात कामासाठी तिकडे येतोय तो स्वतः चालवून बघेल आणि मगच ॲडव्हान्स देईल. अजून कुणी इंदूर-देवासकडून येणार असेल तर सांगा, गार्डनमध्ये आणखी दोन गाड्यांची जागा आहे, मालक हो म्हणालाय.

सवाईचा_श्रोता (पुणे)
आम्ही चौघे, एक कार, रेल्वेनं येणार होतो पण त्या दिवसांत दिल्लीच्या लाइनवर गाड्या धुक्यानं तासन्‌तास उशिरा चालतात म्हणून कारनंच यायचा विचार करतोय. एक खोली मिळेल का तिथेच? मेसेज करतो.

राजवाडा_ते_रिगल (इंदूर)
करा. तिसरी खोली आहे का ते आजच विचारतो.